मात्सुमोतो की मात्सुए? दोन काळे किल्ले, दोन वेगळी गावं

मात्सु म्हणजे पाइनचं झाड. या झाडावरून नाव पडलेली गावं जपानमध्ये पुष्कळ आहेत, पण मात्सुमोतो आणि मात्सुए यांचीच गल्लत सर्वांत जास्त होते, कारण नावाबरोबर किल्लाही सारखा. दोन्हीकडे काळ्या फळ्यांचा लाकडी तेनशु, म्हणजे किल्ल्याचा मुख्य मनोरा, उभा आहे, आणि तोही मूळचा. सिमेंटमध्ये नव्यानं बांधलेले तेनशु जपानभर दिसतात. मूळचे फक्त १२ उरलेत. त्यातल्या ५ तेनशुंना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे आणि हे दोन्ही त्या पाचांत आहेत. (शिकोकू बेटावरचं मात्सुयामा हे तिसरंच गाव. तेही बारांत आहे, पाचांत नाही.)

मात्सुमोतो नागानो प्रांतात आहे, होन्शू बेटाच्या मधोमध, सुमारे ६०० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेलं. मात्सुए शिमाने प्रांतात, जपान समुद्राच्या बाजूला, शिंजी सरोवराच्या काठावर. एकाहून दुसरीकडे जायचं तर नागोया आणि ओकायामाला गाडी बदलावी लागते आणि सगळे मिळून सात तासांच्या आसपास जातात. त्यामुळे हॉटेल बुक करताना प्रांताचं नाव वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

फोटोवरून ओळखायची खूण सोपी आहे. मात्सुमोतो हा भुईकोट आहे. सपाट जमीन, रुंद खंदक, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब आणि मागे जपानच्याच उत्तर आल्प्स डोंगरांची रांग, असा फोटो असेल तर तो मात्सुमोतोचा. मात्सुएचा तेनशु छोट्या टेकडीवर, झाडीत आहे. त्याचा खंदक टेकडीखालून गावातून फिरतो, म्हणून मनोरा आणि पाणी एका फोटोत सहसा येत नाहीत.

आत शिरलं की फरक अंगाला जाणवतो. मात्सुमोतोचा तेनशु १५९४च्या सुमाराचा. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आहेत. तिसऱ्या मजल्याला खिडक्याच नाहीत, तो बाहेरून कळू नये अशीच रचना आहे. जिने भयंकर उभे, आणि सर्वांत अवघड चौथ्यावरून पाचव्यावर जाणारा: चढ ६१ अंशांचा, एकेक पायरी जवळजवळ ४० सेंटिमीटर उंच. बूट दाराशीच काढून पिशवीत घालून हातात धरायचे असतात, त्यामुळे कठड्यासाठी एकच हात उरतो. पायमोजे घसरतात. साडी किंवा घोळदार कपडे टाळा, पाठीवरची सॅक स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि उतरताना तोंड जिन्याकडे करून उतरा. किल्ला एरवी साडेआठला उघडतो. मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांत याच जिन्यांमुळे रांग तासाच्या पुढे जाते, तेव्हा उघडायच्या वेळेला दारात असणं बरं.

मात्सुएचा तेनशु १६११चा. राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा त्याला २०१५ साली मिळाला. बांधकाम पूर्ण झाल्याच्या वेळच्या प्रार्थनेच्या लाकडी पाट्या २०१२ मध्ये पुन्हा सापडल्या आणि साल सिद्ध झालं. इथले जिने किरी नावाच्या हलक्या लाकडाचे आहेत: ते सहज पेटत नाही, आणि शत्रू आत शिरला तर जिना वर ओढून घेता येत असे. तळघरात विहीर आहे, म्हणजे वेढ्यातही पाण्याची सोय. खांब नीट बघा. काही खांबांना चारही बाजूंनी फळ्या लावून लोखंडी पट्ट्यांनी आवळलंय. वरच्या मजल्याला चारही दिशा मोकळ्या आहेत आणि सरोवर थेट समोर येतं.

दोन्ही गावांना जोडणारा एक माणूस आहे: शोगुन (देशाचा लष्करी सत्ताधीश) तोकुगावा इएयासूचा नातू मात्सुदाइरा नाओमासा. १६३३ ते १६३८ तो मात्सुमोतोचा सरदार होता. तेनशुला चिकटून असलेला, तीन बाजूंनी उघडा, लाल कठड्याचा चंद्रदर्शनाचा सज्जा त्याच्याच काळातला. तोफाबंदुकांसाठी बांधलेल्या इमारतीला जोडलेली ही शांततेच्या काळातली खोली, आणि आमच्या मते सगळ्या किल्ल्यात सर्वांत सुंदर तीच. १६३८ मध्ये त्याची बदली मात्सुएला झाली. तिथे प्रांताच्या सरकारी कचेरीसमोर त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे.

पोहोचायचं कसं? मात्सुमोतोला तोक्योतल्या शिंजुकूहून आझुसा एक्स्प्रेसनं अडीच ते पावणेतीन तास लागतात, आणि स्टेशनवरून किल्ला चालत २० मिनिटांत. मात्सुएला ओकायामाहून याकुमो एक्स्प्रेस, साधारण तितकाच वेळ. दोन्ही गाड्यांत बिनराखीव डबा नाही, म्हणून रेल्वे पास असला तरी सीट आधी घ्या. मात्सुएत आणखी एक घोळ होतो. ‘मात्सुए’ हे जेआरचं (जपान रेल्वेचं) स्टेशन आणि ‘मात्सुए शिंजीको ओन्सेन’ हे इचिबाता या खाजगी रेल्वेचं. दोन्ही गावाच्या वेगवेगळ्या टोकांना. इझुमो ताइशा या मोठ्या देवळाकडे जाणारी इचिबाताची गाडी दुसऱ्या स्टेशनवरून सुटते.

एकच दिवस हातात असेल तर मात्सुमोतो. मात्सुएला मुक्काम हवाच, कारण सरोवरावरचा सूर्यास्त संध्याकाळच्या परतीच्या गाडीत बसून दिसत नाही. दिवसा खंदकातली होडी घ्या, फेरी ५० मिनिटांची. बूट काढून खाली बसायचं. काही पूल इतके बुटके आहेत की होडीचं छप्परच खाली येतं आणि सगळ्यांना पुढे वाकावं लागतं. पाठीचं दुखणं असेल तर ही फेरी सोडा.

सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, दोन्हीकडे मिळते, खायची तऱ्हा वेगळी. मात्सुमोतोत गार शेवया चटईवर येतात आणि त्या सॉसमध्ये बुडवून खायच्या. मात्सुएत गोल डबे एकावर एक रचून येतात आणि सॉस वरून ओतायचा. कुट्टूच्या सालासकट दळलेल्या पिठामुळे शेवया काळसर असतात. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सॉस दोन्हीकडे बहुधा वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या अर्काचाच, म्हणजे दाशीचाच, असतो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, ‘दाशी नको’ असं म्हणावं लागतं. मासे खाणाऱ्यांनी मात्सुएत शिजिमीचं मिसो सूप चुकवू नये. शिजिमी म्हणजे आपल्या तिसऱ्यांची काळी, छोटी बहीण, सरोवराच्या निमखाऱ्या पाण्यातली.

राहायला जाणाऱ्यांसाठी खरा फरक हिवाळ्याचा. मात्सुमोतो कोरडं आणि लख्ख उन्हाचं, पण पहाटे पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि घरातले नळ गोठून फुटतात. उणे ४च्या खाली जाण्याचा अंदाज असला किंवा घर बंद ठेवून जायचं असलं, तर पाणी काढून टाकायचं: आधी पाणी उतरवायची मुख्य चावी पूर्ण फिरवायची, मग घरातले सगळे नळ उघडून पाइप रिकामे करायचे. चावी अर्धवट फिरवली तर पाणी जमिनीखाली वाहत राहतं आणि ते बिल आल्यावरच कळतं. पाइप गरम ठेवायला गुंडाळलेल्या विजेच्या पट्टीचा प्लग हिवाळ्यात काढू नका.

मात्सुएत नळांची एवढी धास्ती नाही, तिथे शत्रू ओल. हिवाळाभर ढग, पाऊस, ओला बर्फ. ‘डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस’ असं त्या किनाऱ्यावर म्हणतातच. कपडे घरातच वाळवावे लागतात, त्यासाठी हवेतली ओल शोषणारं यंत्र पहिल्या हिवाळ्याआधी घ्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, आणि अंथरूण जमिनीवर घालत असाल तर सकाळी उचलून उभं करा, नाहीतर महिन्याभरात खालची बाजू काळी पडते.