फ्रॅक्टल चित्र पुरं कधी होतं?

दिवाळीच्या आधी मी माझं एक फ्रॅक्टल चित्र, म्हणजे ज्याच्या नक्षीत तशीच नक्षी पुन्हा बारीक होत जाते असं गणिताने काढलेलं चित्र, कॅनव्हासवर छापून घेतलं. तीन फूट रुंद, दोन फूट उंच. कॉलेज रोडवरून गुंडाळी घरी आणली, सोफ्यावर उलगडली, आणि चित्र अर्धवट राहिलंय हे तिथल्या तिथे कळलं. सर्पिलाच्या गाभ्यात नक्षी आणखी बारीक होत आत उतरायला हवी होती. तिथे तळहाताएवढा गुळगुळीत काळा डाग होता. लॅपटॉपवर तोच भाग मला छान गडद सावलीसारखा वाटला होता. छपाईत काही चुकलं नव्हतं. गणितच मी लवकर थांबवलं होतं.

हा डाग कुठून येतो ते सांगते, कारण ‘चित्र झालं का?’ या प्रश्नाची निम्मी उकल त्यातच आहे. माझं चित्र मँडेलब्रॉट संचाच्या एका कोपऱ्याचं होतं. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी ‘फ्रॅक्टल’ हा शब्द १९७५ मध्ये घडवला आणि १९८० मध्ये आयबीएममध्ये काम करताना या संचाची चित्रं संगणकाकडून काढून घेतली. कृती अगदी साधी. शून्यापासून सुरुवात करा, वर्ग करा, त्यात ठरलेली संख्या मिळवा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करा, पुन्हा तीच संख्या मिळवा. ठरलेली संख्या १ असेल तर ०, १, २, ५, २६ असं उत्तर उधळत जातं. ती उणे १ असेल तर ०, -१, ०, -१ असं तिथल्या तिथे घुटमळत राहतं. कागदावरच्या प्रत्येक बिंदूची अशी एक संख्या असते. जे बिंदू घुटमळतात त्यांना काळा रंग. जे उधळतात त्यांना रंग मिळतो तो किती फेऱ्यांत उधळले त्यावरून. उत्तर मध्यापासून २ पेक्षा दूर गेलं की ते परत फिरत नाही, एवढं सिद्ध झालेलं आहे.

अडचण काठावरच्या बिंदूंची. ते कितीतरी वेळ घुटमळल्यासारखे वाटतात आणि मग निसटतात. संचाच्या दोन मोठ्या अंगांमध्ये, उणे ०.७५ या जागी, एक चिंचोळी मान आहे. तिथून सरळ वर ०.१ अंतरावरचा बिंदू ३३ फेऱ्यांत सुटतो. ०.०१ वरचा ३१५ फेऱ्यांत, ०.००१ वरचा ३१४३, ०.०००१ वरचा ३१४१७. आकडे ओळखीचे वाटतील: हा वर्तुळाचा पाय (π), ३.१४१५…, आहे! डेव्ह बोल यांच्या हे १९९१ मध्ये लक्षात आलं. वर्तुळाचा कुठेही उल्लेख नसलेल्या कृतीतून पाय डोकावतो, हे मी पहिल्यांदा स्वतः करून पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आता संगणकाला कुठेतरी ‘पुरे’ म्हणावंच लागतं. माझी मर्यादा १००० फेऱ्यांची होती. ३१४३ व्या फेरीला सुटणारा बिंदू हजाराव्या फेरीला आतच असतो, म्हणून त्याला काळा रंग मिळतो. कॅनव्हासवरचा डाग अशा घाईने आत ढकललेल्या बिंदूंचा होता.

मग मी मर्यादा एक लाखावर नेली. डाग फुटला, आतून नवी सर्पिलं निघाली, पण त्यांच्या कडांवर रंगांचा धुरळा उडाला. शेजारशेजारच्या पिक्सेलांचे रंग एकमेकांशी काही नातं नसल्यासारखे. एका पिक्सेलच्या चौकोनात आता शेकडो वेगवेगळ्या रंगांचे तपशील मावत होते आणि संगणक त्यातल्या एकाच बिंदूचा रंग उचलत होता. उपाय आहे: प्रत्येक पिक्सेलमधून नऊ बिंदू घ्यायचे आणि रंगांची सरासरी काढायची. माझ्या कॅनव्हासला इंचाला ३०० ठिपके धरले तर १०,८०० गुणिले ७,२०० म्हणजे ७ कोटी ७७ लाख ६० हजार पिक्सेल होतात. त्याची नऊपट म्हणजे जवळजवळ ७० कोटी बिंदू, आणि त्यातले हट्टी बिंदू लाख लाख फेऱ्यांचे. लॅपटॉप रात्रभर तापत राहिला.

सकाळी चित्र स्वच्छ होतं, पण अगदी काठाजवळचे तपशील सरासरीत मिसळून मऊ करडे झाले होते. हिशेब खरा करत गेलं की चित्र उजळत जाईल, अशी माझी समजूत होती. तसं होत नाही. पिक्सेलपेक्षा बारीक जे काही आहे ते छापलं जात नाही, नुसतं एकमेकांत मिसळून जातं.

‘फ्लेम’ नावाचा एक वेगळा प्रकार आहे, स्कॉट ड्रेव्ह्स यांनी १९९२ मध्ये आणलेला. त्यात एक बिंदू ठरलेल्या नियमांनी, पण यादृच्छिकपणे, उड्या मारत फिरतो आणि कुठे किती वेळा पडला त्यावरून उजेड ठरतो. वळवाचे पहिले थेंब अंगणात पडतात तसं चित्र आधी ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, मग हळूहळू सारवल्यासारखं एकसारखं होतं. हा रवाळपणा निम्मा करायला थेंब चौपट लागतात. एका तासाचे चार तास, पुढच्या निम्म्यासाठी सोळा. इथे थांबायची जागा तुमच्या धीरावर ठरते, आणि वीजबिलावर.

आणखी एक भिंत आहे. नेहमीची आकडेमोड पंधरा-सोळा अंकांपर्यंतच अचूक असते, त्यापलीकडे झूम केलं की सर्पिलांऐवजी चौकोनी ठोकळे दिसतात. जास्त अंकांचं गणित वापरून ती ओलांडता येते.

पण फेऱ्या, थेंब आणि अंक एवढंच सांगतात की चित्र स्वच्छ झालं. पुरं झालं का, ते सांगत नाहीत. मला यात सर्वांत उपयोगी पडलं ते मितीचं मोजमाप. साध्या रेघेची मिती १, भरलेल्या पृष्ठाची २, आणि खडबडीत, शाखाळ रेघांची या दोहोंच्या मधली. ओरेगॉन विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टेलर आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगांत लोकांना साधारण १.३ ते १.५ मितीचे आकार जास्त आवडले. उलट मँडेलब्रॉट संचाच्या काठाची मिती पुरी २ आहे, हे जपानी गणितज्ञ मित्सुहिरो शिशिकुरा यांनी सिद्ध केलं. म्हणजे रेघ असून ती पृष्ठासारखी गच्च भरते. काठ जितका प्रामाणिकपणे दाखवाल तितकी डोळ्याला टेकायला जागा कमी. चित्र काढणारीने काय करायचं, तर त्यातलं बरंचसं रोखून धरायचं.

हे दगडात पाहायचं तर सिन्नरला जावं. नाशिकहून पुणे रस्त्याने तीसेक किलोमीटर. यादवकाळातल्या गोंदेश्वर मंदिराच्या शिखरावर छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा आहेत, वर जाताना लहान लहान होत गेलेल्या. शिखरावर शिखरं: फ्रॅक्टलची पहिली पायरी. पण त्या छोट्या शिखरांवर पुन्हा तशाच रांगा कोरलेल्या नाहीत. कोरल्या असत्या तरी खाली चौथऱ्यावर उभ्या माणसाला त्या खरखरीसारख्या दिसल्या असत्या. शिल्पकाराने बघणाऱ्याचं अंतर धरून नियम थांबवला, असं मला वाटतं. तेव्हापासून मी चित्र भिंतीवर लावून आठ फुटांवरून बघते. मोबाइलवर अंगठ्याएवढं करून बघते. रंग काढून, नुसतं काळंपांढरं करून बघते. तिन्ही वेळा नजर एकाच जागी आधी गेली, तर रचना उभी आहे.

दुसरी प्रत छापायच्या आधी आईला पडद्यावर दाखवली. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं.

“अगं, सुंदर आहे, पण बघायचं कुठे?”

“मधल्या सर्पिलाकडे.”

“मग या कोपऱ्यात एवढी गर्दी कशाला?”

तो उजवा खालचा कोपरा उघडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला होता. मर्यादा लाखावर नेल्यावरच तो उघडला होता. तो भाग मी वेगळा काढला, त्याच्या फेऱ्या ८०० वर आणल्या आणि कडा हलक्या हाताने विरवल्या. कोपरा पुन्हा काळा झाला. त्याच्यासमोर मधल्या सर्पिलाचा केशरी रंग पहिल्यांदाच उठून दिसला.

ते चित्र आता हॉलमध्ये आहे. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन येतं तेव्हा तो काळा कोपरा नुसता कॅनव्हासच्या विणीसारखा दिसतो. ३१४१७ व्या फेरीला सुटणारे बिंदू त्या अंधारात आहेत. त्यांना बाहेर काढायची फाइल माझ्याकडे जपून ठेवलेली आहे, जेमतेम दोन किलोबाइटची. ती मी पुन्हा उघडलेली नाही.