पेटी, परतीची वाट आणि पाठलाग : 'रेसिडेंट ईव्हिल'ची पार्श्वभूमी

ॲडव्हेंचर गेममध्ये खेळणाऱ्याला मनसोक्त हिंडू द्यायचं की धास्तीत ठेवायचं, हा वाद २०१९ मध्ये झोंबींच्या भयखेळांच्या मालिकेतल्या 'रेसिडेंट ईव्हिल २'चा रिमेक आला तेव्हा पुन्हा पेटला. वाद त्याहून बराच जुना. १९९२ च्या 'अलोन इन द डार्क'ने झपाटलेला वाडा आणि स्थिर कॅमेरा आणला होता. १९९३ च्या 'मिस्ट'मध्ये उलट निवांत भटकंती आणि कोडी. १९९६ च्या पहिल्या 'रेसिडेंट ईव्हिल'ने या दोन्ही गोष्टी एकाच हवेलीत कोंबल्या.

तिथली खरी भीती परतीच्या वाटेची. खेळायला दोन पात्रं: ख्रिसला सामान ठेवायचे सहा स्लॉट म्हणजे कप्पे, जिलला आठ. बंदूक, गोळ्या, जखमा भरणारे हर्ब घेतले की निम्मी जागा संपली. नवी वस्तू उचलायची तर आधीचं काहीतरी ठरावीक खोल्यांत असलेल्या सामानाच्या पेटीत टाकायला मागे फिरा, आणि मघाशी चुकवलेला झोंबी त्याच अरुंद बोळात उभा. सेव्ह करायला टाइपरायटर, त्याची रिबनही मोजकी आणि तीही स्लॉट अडवणार.

भांडण लागलं ते या पेटीवरून. एका खोलीत ठेवलेली वस्तू दुसऱ्या खोलीतल्या पेटीतून कशी निघते, याचं उत्तर खेळात कुठेच नाही. मालिकेतल्याच २००२ च्या 'रेसिडेंट ईव्हिल झीरो'मध्ये पेटीच काढून टाकली. वस्तू जमिनीवर हवी तिथे टाका, मॅपवर दिसेल. कागदावर हे मोकळं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक जण सगळा संसार एका मोठ्या खोलीत आणून रचायचे आणि पुढच्या भागात गेलं की फेऱ्या मारून पुन्हा हलवायचे. त्यात हुकशॉट, म्हणजे वर चढायला दोर फेकणारं यंत्र, एकटाच दोन स्लॉट खातो. बाजू घेणारे आजही 'वास्तववादी' म्हणतात. पण याला धास्ती कुठे म्हणायचं, ही तर हमाली!

त्याच वर्षीच्या पहिल्या भागाच्या रिमेकने पेटी ठेवली आणि पेच दुसरीकडे टाकला. पाडलेला झोंबी जाळला नाही किंवा त्याचं डोकं उडवलं नाही, तर तो काही वेळाने आणखी चपळ होऊन उठतो. रॉकेल मोजकं, ते न्यायची बाटली पुन्हा एक स्लॉट घेते. त्यामुळे मारायचं की नाही हे बोळ किती वेळा ओलांडावा लागेल यावर ठरू लागलं. हवेलीचा मॅप डोक्यात असल्याशिवाय गोळीही झाडता येईना. हिंडणं आणि भीती यांची इतकी घट्ट गाठ मालिकेत पुन्हा क्वचितच बसली.

२००५ च्या चौथ्या भागाने मागे फिरणं जवळपास संपवलं, २०१७ च्या सातव्याने पुन्हा घरात कोंडलं. २०१९ च्या रिमेकमध्ये दोन टोकं एकत्र आली. खोलीतलं सगळं मिळालं की मॅपवर ती लालची निळी होते, म्हणजे शोध जवळजवळ हिशेबाच्या वहीसारखा. आणि खेळ जिथे घडतो त्या पोलीस ठाण्यात मिस्टर एक्स हा न मरणारा धिप्पाड राक्षस मागावर. वरच्या मजल्यावरचे त्याचे बूट खाली ऐकू येतात, आवाज जवळ येतोय की लांब जातोय ते कळतं. १९९८ च्या मूळ खेळात तो दुसऱ्या पात्राकडून पुन्हा खेळायच्या दुसऱ्या फेरीपुरता होता, इथे दोन्ही फेऱ्यांत. 'खोल्या नीट बघू देत नाही' अशी तक्रार लगेच आली. पुढच्याच वर्षी तिसऱ्या भागाच्या रिमेकमध्ये तिथला पाठलाग करणारा राक्षस नेमेसिस याचा पाठलाग बराचसा ठरलेल्या जागीच होऊ लागला, तेव्हा तक्रार नेमकी उलटी होती.