श्रवणयंत्राचे ओलाव्यापासून संरक्षण

घाम, बाष्प आणि हवेतील दमटपणा यांमुळे श्रवणयंत्रात (बोलीत 'कानाचं मशीन') साचणारा ओलावा रोज काढून टाकण्याची देखभाल. मुंबई आणि कोकण किनारपट्टीवर पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. तिथे ही देखभाल टाळून चालत नाही.

लोक पावसाला भितात; पण यंत्राचे जास्त नुकसान घाम करतो. त्यातल्या क्षारांमुळे सेलच्या टोकांवर पांढरट-हिरवट गंज चढतो. मायक्रोफोनच्या बारीक छिद्रावर थेंब बसला की आवाज खरखरतो, दबतो किंवा मधेच जातो. कानामागच्या यंत्रात मोल्डला (कानात बसणाऱ्या, कानाच्या मापाच्या तुकड्याला) जोडलेल्या नळीचा वेगळाच त्रास असतो. कानातली हवा उबदार आणि बाष्पयुक्त असते. एसीच्या खोलीत किंवा थंडीत नळी गार पडली की आत थेंब धरतात आणि आवाजाची वाट अडते. मोल्ड यंत्रापासून सोडवून रबरी फुग्याने नळीत हवा मारली की थेंब निघून जातात.

यंत्र पूर्ण हवाबंद का करत नाहीत, याचे एक कारण सेलमध्ये आहे. १०, ३१२, १३ आणि ६७५ या क्रमांकांचे बटणसेल झिंक-एअर प्रकारचे असतात. स्टिकर काढल्यावर बाहेरचा ऑक्सिजन आत जातो, तेव्हाच जस्ताशी अभिक्रिया होऊन सुमारे १.४ व्होल्ट दाब मिळतो. म्हणजे सेलला हवा हवीच, आणि हवेबरोबर दमटपणाही येतो. फार दमट हवेत सेल पाणी शोषतो, फार कोरड्या हवेत त्यातला द्रव सुकतो; दोन्हींत तो लवकर संपतो. म्हणून रात्री यंत्र कोरड्या कापडाने पुसून, सेल काढून, सेलच्या कप्प्याचे झाकण उघडे ठेवून सुकवण्याच्या डबीत ठेवतात. सेल मात्र त्या डबीबाहेर राहतो. चार्जिंगच्या यंत्रांत सेल काढता येत नाही. सुकवण्याची सोय असलेले चार्जर त्यांच्यासाठी मिळतात.

सुकवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घातलेली घट्ट झाकणाची डबी. ओलावा भरला की नारंगी दाणे गडद हिरवे होतात. तापवून ते पुन्हा वापरता येतात. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे कोबाल्ट क्लोराइडचे असतात. ते विषारी असल्याने लहान मुलांच्या घरात नकोच. विजेवर चालणारे ड्रायर मंद ऊब आणि पंख्याने सुकवतात, काहींत जंतुनाशक अतिनील दिवाही असतो. दमट गावात रोज वापर असेल तर हा खर्च सार्थ ठरतो.

'आयपी ६८' या, धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्जाचा अर्थ अनेकदा जास्त ताणला जातो. त्यातली पाण्याची चाचणी ठराविक खोलीच्या, ठराविक वेळेच्या गोड्या पाण्याची असते; साबण, समुद्राचे पाणी आणि वर्षानुवर्षांचा घाम तिच्यात येत नाही. यंत्र भिजलेच, तर ते ताबडतोब बंद करून सेल काढावा, पुसावे आणि डबीत रात्रभर ठेवावे. हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह किंवा कडक ऊन यांच्या उष्णतेने आवरण आणि आतले भाग बिघडतात. तांदळात पुरून ठेवण्याचा उपायही टाळावा: तांदूळ ओलावा फारसा शोषत नाही आणि त्याची पूड छिद्रांत जाते.