पार्श्वभूमी : पुण्यातली ख्रिस्ती श्रद्धा, तर्क आणि विज्ञान

नगर रस्त्यावर रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठ आहे. कॅथलिक धर्मगुरू होऊ घातलेले तरुण इथे आधी तत्त्वज्ञान शिकतात, मग ईश्वरविज्ञानाकडे वळतात. विश्वाची उत्पत्ती, उत्क्रांती, मेंदू आणि आत्मा या विषयांवर गेल्या काही दशकांत इथे बरीच चर्चा झाली आहे. ही चर्चा थेट रोमहून आली असं वाटू शकतं. प्रत्यक्षात पुणे आणि आसपासच्या मुलखात तिची मुळं पावणेदोनशे वर्षं मागे जातात.

सुरुवात भांडणातून झाली. मिशनऱ्यांनी विज्ञान हाती घेतलं ते पुराणांवर हत्यार म्हणून चालवण्यासाठी. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ काढलं. त्यात येशूच्या उपदेशाशेजारी खगोल आणि भूगोल असे. पृथ्वी गोल आहे, ग्रहण सावलीमुळे लागतं, मग मेरू पर्वत आणि राहू-केतूंचं काय, असा सगळा रोख. ग्रहणामागची सावली आर्यभटाने शतकानुशतकं आधी सांगितली होती, हेही इथे नोंदवायला हवं.

पण शंका घ्यायला शिकलेली माणसं एकाच धर्मावर शंका घेऊन थांबत नाहीत. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि त्यांच्यावर खोल ठसा उमटला तो थॉमस पेनच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चा. याच पेनने ‘एज ऑफ रीझन’मध्ये बायबलची चिरफाड केली होती. फुल्यांना मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याबद्दल आदर होता, बाप्तिस्मा मात्र त्यांनी घेतला नाही. आगरकरांनी तर मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत पचवून धर्मश्रद्धेलाच प्रश्न केले.

माझ्या लेखी या इतिहासातलं सर्वांत मोठं नाव पंडिता रमाबाईंचं. १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करून त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता त्या शिकवलं ते निमूट मानतील, अशी तिथल्या मठातल्या सिस्टर्सची अपेक्षा होती. रमाबाईंनी त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा सिद्धांत तपासायला घेतला, येशूच्या कुमारी-जन्माबद्दल शंका मांडल्या. मी ख्रिस्ताच्या मंडळीत आले, पण बिशपांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला बांधील नाही, या आशयाची त्यांची पत्रं आजही वाचायला मिळतात. ब्राह्मणी अधिकार झुगारलेली ही बाई दुसरा अधिकार बिनशर्त स्वीकारणार नव्हती. पुढे त्यांची श्रद्धा अधिक भक्तिमय झाली, तरी अभ्यास सुटला नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि साध्या मराठीत स्वतः बायबल उतरवलं. छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच बायका-मुली होत्या.

त्याच काळातले नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी षड्दर्शनांचं तर्काने खंडन केलं. सुमारे शंभर वर्षांनी पुण्यात नेमकी उलट वाट धरली गेली. १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झालेली पेपल सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी संस्था, १९५५ मध्ये पुण्यात आली. त्याच सुमारास बेल्जियन येशूसंघीय (जेझुइट) फादर रिचर्ड डी स्मेट पुण्यात शिकवू लागले. त्यांचा प्रबंध शंकराचार्यांच्या पद्धतीवर होता. आचार्यांचा तर्क मोकाट नाही, तो श्रुतीचा अर्थ लावण्यासाठी राबतो, असं त्यांनी दाखवून दिलं. श्रद्धेच्या घरात बुद्धीने कसं नांदावं, हे एक कॅथलिक धर्मगुरू अद्वैताच्या आचार्यांकडून समजून घेत होता! मला ही घटना कोणत्याही परिषदेपेक्षा मोलाची वाटते. १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रद्धा आणि बुद्धी यांवरच्या आपल्या परिपत्रकात भारतीय विचारपरंपरेचा खास उल्लेख केला, तेव्हा पुण्यात हे काम चार दशकं चालू होतं.

विज्ञानाच्या बाजूने पुण्याचा आणखी एक धागा आहे. विश्व प्रसरण पावतं, हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. प्रसरण मागे मागे नेलं की विश्वाला आरंभ होता, असं दिसतं; त्यालाच पुढे महास्फोट म्हटलं गेलं. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी विश्वाच्या या आरंभाचा संबंध बायबलमधल्या निर्मितीशी जोडला, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. भौतिकशास्त्राच्या सिद्धांतावर श्रद्धेचा डोलारा उभारू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. महास्फोटाच्या या सिद्धांताला विरोध करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे सहकारी जयंत नारळीकर यांनी पुढे पुण्यातच आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभारली.

ज्ञानदीपमधले फादर जॉब कोझमथडम यांनी १९९४ मध्ये ग्रहांच्या गतीविषयीच्या केप्लरच्या नियमांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. केप्लर हा या विषयाचा खरा कस आहे. मंगळाची कक्षा वर्तुळांत बसवण्यात त्याने कित्येक वर्षं घालवली आणि शेवटी टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी आठ कलांचा फरक राहिला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव. दुसऱ्या कुणी तो सोडून दिला असता. केप्लरने लिहिलं की देवाने आपल्याला टायकोसारखा काटेकोर निरीक्षक दिला आहे, ते दान कृतज्ञतेने स्वीकारायला हवं. त्याने सगळी मांडणी मोडली आणि त्यातूनच पुढे लंबवर्तुळ हाती आलं.