लीड गिटारचे उसने सूर

गिटार शिकणाऱ्याच्या हाताला पहिली सवय लागते ती पाचव्या फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या पाचव्या धातूच्या पट्टीची. ए मायनर पेंटाटोनिक या पाच सुरांच्या मालेचा तो लाडका 'बॉक्स', बोटांच्या ठरलेल्या जागांचा चौकोन: पहिलं बोट सगळ्या तारांवर पाचव्या फ्रेटला, पाचव्या, चौथ्या, तिसऱ्या तारेवर पुढचा सूर सातव्याला, उरलेल्या तिन्हींवर आठव्याला. एका तारेवर दोनच सूर, त्यामुळे बेसूर व्हायची भीती जवळजवळ नाही. गोची तिथेच होते. वर्ष-दोन वर्षांत बोटांना रस्ता पाठ होतो, कानाला काही कामच उरत नाही, आणि आजचा सोलो कालच्यासारखाच वाजतो. मग 'नवीन काही सुचत नाही' हे रडगाणं सुरू.

हे रडगाणं जुनं आहे. लीड गिटारचा, म्हणजे सोलो वाजवणाऱ्या गिटारचा, इतिहास चाळला तर यातून सुटायची वाट बहुतेकांना गिटारच्या बाहेर सापडलेली दिसते.

१९३० च्या दशकात अमेरिकन जॅझ बँडमधला गिटारवाला म्हणजे ठेका धरणारा गडी. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गदारोळात त्याची एकेकटी तार ऐकूच यायची नाही, तर सोलो कुठला! गिब्सनची ईएस-१५० ही तारांचा कंप विजेत बदलणारा पिकअप लावलेली गिटार १९३६ मध्ये आली आणि आवाजाचा प्रश्न सुटला. पण त्या आवाजात वाजवायचं काय? ओक्लाहोमात वाढलेला चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बँडप्रमुख बेनी गुडमनकडे दाखल झाला, तेव्हा त्याच्या कानात घोळत होता लेस्टर यंगचा टेनर सॅक्सोफोन. फुंकून वाजवणाऱ्याचा दम संपतो, म्हणून त्याचं वाक्यही कुठेतरी संपतं. गिटारवाल्याला दम लागत नाही, म्हणून तो थांबायचं नाव घेत नाही. ख्रिश्चनने सॅक्सोफोनची वाक्यं, त्यांचे विराम आणि सरळ धावणारी ओळ गिटारवर आणली. जेमतेम दोन वर्षांचं काम. १९४२ मध्ये क्षयाने गेला तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्याच्यानंतरची जॅझ गिटार मात्र त्याच्याच वळणाने गेली.

ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती न जमण्यातून सुरू होते. त्याचा नातलग बुका व्हाइट तारेवर नळी सरकवून स्लाइड वाजवायचा. किंगला ते काही केल्या साधेना. तो कंप काढण्यासाठी तो बोटच तारेवर थरथरवू लागला आणि तीच त्याची ओळख बनली. शिवाय गाताना तो गिटार वाजवत नसे. ओळ म्हणून झाली की गिटार उत्तर देणार. आपल्या मैफलीत गायकाची जागा सारंगीवाला उचलतो, तसंच काहीसं. फक्त इथे दोन्ही कामं एकाच माणसाकडे.

साठच्या दशकात गिटारवाल्यांची नजर आपल्याकडे वळली. यार्डबर्ड्स या इंग्लिश रॉक बँडच्या १९६५ मधल्या एका गाण्यासाठी सतारवादक बोलावला होता, पण सतारीला हवा तो जोर येईना. शेवटी बँडचा गिटारवादक जेफ बेक याने तोच तुकडा आवाज खरखरीत करणारा फझ लावून, तार ओढून वाजवला. पुढच्याच वर्षी द बर्ड्स या अमेरिकन बँडच्या रॉजर मॅक्ग्विनने बारा तारांच्या गिटारवर जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनची नक्कल केली. गंमत म्हणजे कोल्ट्रेन स्वतः रविशंकरांच्या संगीताने भारावलेला होता. म्हणजे माल आपलाच, पण सॅक्सोफोनच्या दुकानातून फिरून गिटारवर पोचला. ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमनही ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेनचीच पारायणं करायचा. कॉर्डमागून कॉर्ड पळण्याऐवजी एकाच स्वरसमूहात ठाण मांडून बसायची माइल्सची १९५९ मधली रीत त्याच्या लांबलचक सोलोंत ऐकू येते.

यात एक नाव आपल्या किनाऱ्यावरचं आहे. मुंबईत जन्मलेला, मूळ गोव्याचा अमान्सियो डिसिल्वा साठच्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये जॅझ गिटार वाजवत होता. त्याच्या एका अल्बमचं नावच 'कोंकण डान्स' आहे. आपल्याकडे त्याचं नाव क्वचितच निघतं. पुढे इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनने 'शक्ती' या बँडमध्ये माहीमच्या झाकिर हुसेनसोबत वाजवताना गिटारच बदलून घेतली: मींड नीट निघावी म्हणून फ्रेटांमधलं लाकूड खोलगट कोरलं आणि साउंडहोलवर तिरप्या, सतारीसारख्या तरफेच्या तारा बसवल्या.

१९७८ मध्ये रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनमुळे टॅपिंगची, म्हणजे दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून वाजवायची, लाट आली. वेग अफाट वाढला. कल्पना तेवढ्या वाढल्या का, याबद्दल मला शंका आहे.

आता पुन्हा तो पाचवा फ्रेट. त्या बॉक्समध्ये ए ला सा मानलं तर सूर धानी रागाचे. सर्वांत जाड तारेवर आठव्या फ्रेटला, म्हणजे सी वर, सा धरला तर तेच सूर भूपाचे होतात. भूपाचेच पाच सूर देशकारालाही आहेत, पण भूप रात्रीचा, गंधारावर विसावणारा. देशकार सकाळचा, धैवताकडे झेपावणारा. हा गंधार पाचव्या तारेवर सातव्या फ्रेटला आहे आणि वरचा धैवत चौथ्या तारेवर, सातव्यालाच. एक दिवस फक्त गंधारावर थांबायचं, दुसऱ्या दिवशी फक्त धैवतावर. बॉक्स सोडायचा नाही.