‘डोकंच नाही’ या शेऱ्याशी शंभर वर्षांचं भांडण

‘त्याला डोकंच नाही’ हा शेरा एकदा चिकटला की मूल तो वर्षानुवर्षं वागवतं. अभ्यासाच्या जोडीने मनोवृत्ती आणि मनःस्वास्थ्याची कौशल्यं शिकवावीत, हा विचार या शेऱ्याशी भांडतच वाढला.

भांडणाची सुरुवात बुद्धिमापन चाचणीच्या जनकानेच केली. आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमोन यांच्यासोबत 1905 मध्ये पॅरिसमध्ये चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, हे मत त्यांनी 1909 मध्ये कडक शब्दांत खोडून काढलं. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचवले. त्यातला एक पुतळ्याचा खेळ: खूण झाली की आहे तिथे, आहे तसं थांबायचं, आणि पुढची खूण होईपर्यंत हलायचं नाही. धड्याआधी लक्ष देणं आणि स्वतःला आवरणं शिकायचं. पुढे चाचणी अमेरिकेत रुजली, आकडा हीच मुलाची ओळख झाली आणि व्यायाम विस्मरणात गेले. मला हे नुकसान फार मोठं वाटतं.

1967 मध्ये मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. विजेचा धक्का काही केल्या टळत नाही, हे अनुभवलेले बरेच कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असूनही जागचे हलेनात. मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांना अशीच हतबलता मुलांमध्ये दिसली. 1975 च्या त्यांच्या प्रयोगात अपयशाने पार कोलमडणारी 12 मुलं होती. निम्म्यांना गणितात फक्त यश मिळेल अशी सोय केली. उरलेल्यांना अधूनमधून अपयश येऊ दिलं आणि प्रत्येक वेळी सांगितलं, प्रयत्न कमी पडले. नंतर गणितं अडली तेव्हा पहिला गट पुन्हा ढासळला, दुसरा टिकला. नुसत्या यशाने मुलं खंबीर होत नाहीत, हे पालकांना आजही पटवावं लागतं.

2006 मध्ये बुद्धी प्रयत्नाने वाढू शकते असं सांगणारं ड्वेक यांचं पुस्तक आलं आणि ‘प्रयत्न कर’ हे भिंतीवरचं घोषवाक्य झालं. पण पद्धत न दाखवता नुसतं ‘प्रयत्न कर’ म्हणणं हा मुलावर अन्याय आहे. 2019 मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे 12,000 विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बुद्धी वाढू शकते हे शिकवणाऱ्या, तासाभरापेक्षा कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. मनःस्वास्थ्याच्या बाबतीतही असंच काहीसं घडलं. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत शाळेतल्या सर्वांना सरसकट सजगता (माइंडफुलनेस, म्हणजे या क्षणाकडे शांतपणे लक्ष देणं) शिकवली, पण 2022 च्या निष्कर्षांत नेहमीच्या शिकवणीपेक्षा जास्त फायदा आढळला नाही.

अमेरिकेतल्या त्या अभ्यासाची आकडेवारी पुढे पुन्हा तपासली, तेव्हा एक फरक ठळक दिसला. बुद्धी वाढू शकते असं गणिताच्या शिक्षकांना स्वतःला वाटत होतं, त्या वर्गांत मुलांचे गणिताचे गुण वाढले. जिथे शिक्षकांना तसं वाटत नव्हतं, तिथे तोच धडा देऊनही फरक पडला नाही.