घरच्या घरी कार्ब्युरेटर ट्यूनिंग: हत्यारांमागचा इतिहास

कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून ते मिश्रण इंजिनाला देणारा भाग. अगदी सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये माणसाच्या हाती फारसं काही नव्हतं. भांड्यातल्या पेट्रोलवरून हवा जायची आणि जमेल तेवढी वाफ घेऊन इंजिनात शिरायची. 1893 मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोन्का यांनी नळीतून पेट्रोल फवारणारा कार्ब्युरेटर बनवला. तिथून पेट्रोलचं प्रमाण जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या तोटीच्या, बारीक भोकावर ठरू लागलं, आणि जेट बदलता येतो.

मोटारसायकलवाल्यांना पद्धतशीर ट्यूनिंगची सवय लावण्यात ‘अमाल’ या ब्रिटिश कार्ब्युरेटर कंपनीचा वाटा मोठा आहे. तीन जुन्या कंपन्या एकत्र येऊन 1927 मध्ये ती उभी राहिली. अमालने ट्यूनिंगचा क्रमच घालून दिला: आधी पूर्ण थ्रॉटलवर (मूठ पूर्ण पिळून) मेन जेट, मग आयडलिंगसाठी (गाडी उभी असताना इंजिन मंद चालण्यासाठी) पायलट जेट, मग स्लाइडचा, म्हणजे मुठीबरोबर वर उचलून हवेची वाट उघडणाऱ्या भागाचा, कटअवे (खालच्या कडेचा तिरका काप), त्यानंतर स्लाइडला लटकणाऱ्या आणि पेट्रोलची वाट कमीजास्त करणाऱ्या सुईची उंची आणि शेवटी पुन्हा आयडलिंग. माझ्या मते घरगुती ट्यूनिंगच्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण तिला कुठलंही महागडं हत्यार लागत नाही. थ्रॉटलच्या मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या की कोणत्या टप्प्यावर कोणता भाग काम करतोय ते कळतं.

जेटवरच्या आकड्यांनी मात्र अनेकांना चकवलं. अमालचा आकडा मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल वाहतं ते सांगतो. केहिन या जपानी कंपनीचा मेन जेट 100 नंबरचा असेल तर भोक 1 मिलिमीटरचं. एकाचा आकडा दुसऱ्याला लावून चालत नाही. भोक ड्रिलने मोठं करणं तर टाळावंच. वाहणारं पेट्रोल भोकाच्या तोंडाच्या उतारावरही अवलंबून असतं.

जपानी गाड्या जगभर पसरल्या तशी हत्यारांची पेटी बदलली. एक बदल अगदी साधा होता. त्यांचे चौफुलीचे स्क्रू जपानी मानकाचे. फिलिप्स पेचकस त्यात नीट बसत नाही, निसटतो आणि मऊ स्क्रूचं डोकं खातो. दुसरा बदल मोठा. 1969 च्या होंडा सीबी 750 ला चार सिलिंडर आणि चार कार्ब्युरेटर होते. आता प्रत्येक कार्ब्युरेटर बरोबर असून भागेना, चौघांनी सारखं उघडायला हवं होतं. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरची हवेची ओढ (व्हॅक्यूम) मोजून जुळवणारे व्हॅक्यूम गेज आणि पाऱ्याच्या नळ्या आल्या. पारा विषारी, आणि एखादी नळी जास्त ओढली तर तो थेट इंजिनात. म्हणून पुढे स्टीलच्या कांड्यांची उपकरणं निघाली. दोन कार्ब्युरेटर असतील तर पारदर्शक नळीत तेल भरून घरीही काम साधतं.

त्याच काळात व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणारे सीव्ही कार्ब्युरेटर रुळले. होंडाने 1965 च्या सीबी 450 वर ते दिलेच होते. यात स्लाइड थेट मुठीला बांधलेली नसते, त्यामुळे चिकटपट्टीच्या खुणा निम्म्याच खऱ्या ठरतात. पुढे अमेरिकेत 1978 च्या मॉडेलांपासून मोटारसायकलींच्या धुरावर मर्यादा आल्या, आयडलिंगचं मिश्रण ठरवणाऱ्या मिक्श्चर स्क्रूवर धातूची टोपी बसली आणि कित्येक सीव्ही सुयांवरच्या, क्लिप सरकवून उंची बदलायच्या खाचा गेल्या. सुई उचलायला तिच्याखाली पातळ वॉशर घालण्याची युक्ती तेव्हापासूनची.

मिश्रण पारखण्याची जुनी रीत म्हणजे स्पार्क प्लगचा रंग. पूर्ण थ्रॉटलवर पळवून इंजिन बंद करायचं, त्याच क्षणी क्लच दाबायचा आणि प्लग काढून बघायचा. शिशाचं पेट्रोल गेलं तसे प्लगवरचे रंग फिके झाले आणि वाचायला अवघड झाले. काचेचा प्लग बसवून ज्वाळाच पाहण्याची सोय गनसन कंपनीच्या कलरट्यून या हत्याराने दिली: निळी ज्वाळा बरी, पिवळी म्हणजे पेट्रोल जास्त. पण हे आयडलिंग आणि कमी रेसपुरतंच.

भार असताना खरं काय घडतं ते धुरातला ऑक्सिजन मोजून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणाऱ्या वाइडबँड लॅम्डा सेन्सरने दाखवलं. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, पण पूर्ण थ्रॉटलवर जोर मिळतो तो 12.5 ते 13 च्या आसपास. सायलेन्सरच्या नळीला सेन्सर बसवायला आट्यांची बैठक वेल्ड केली की हे आकडे चालत्या गाडीवर दिसतात. फक्त सेन्सरच्या अलीकडे नळीचा जोड गळत असेल तर बाहेरची हवा आत येते, आकडा उगाच लीन (पेट्रोल कमी) दिसतो आणि माणूस गरज नसताना मोठा जेट टाकून बसतो; म्हणून जेटला हात लावण्याआधी ते जोड तपासून घ्यावेत.